बंद खिडक्या, आजारी कारागीर आणि आमचा हिशेब

व्यापाराच्या पानावर सुताचे भाव, विजेचे बिल, जीएसटी आणि अडकलेली उधारी यांवर नेहमी लिहिले जाते. आज आम्ही हवेवर लिहिणार आहोत. हवेचे बिल येत नाही, म्हणून आमच्या खतावणीत तिचे खाते नाही. परंतु या न मांडलेल्या खात्यात दरवर्षी किती नुकसान जमा होते, याचा विचार व्यापारी व कारखानदार बांधवांनी आता करावयास हवा.

सुरुवात आमच्याच चुकीने करतो. दुसऱ्यांना शहाणपण शिकवण्यापूर्वी स्वतःची वही उघडलेली बरी.

२०२५ च्या फेब्रुवारीत, रमजान सुरू होण्यापूर्वीच्या पंधरवड्यात, आमच्या गोदामात ईदच्या मालाची घाई होती. ताग्यांची तपासणी, घडी आणि गाठी बांधणे अशा कामावर अकरा माणसे होती. एका सकाळी घडीवरचा एक कारागीर अंगात ताप आणि कोरडा खोकला घेऊन आला. आम्ही म्हणालो, "अरे भाई, तब्येत बरी नाही तर आलास कशाला?" तो म्हणाला, "सेठ, घरी बसलो तर आजची हजेरी कोण देणार? गावी पैसे पाठवायचे आहेत." आम्हाला त्याची दया आली, आणि खरे सांगायचे तर आम्हाला मालाचीही घाई होती. आम्ही त्याला सांगितले, "आतल्या खोलीत बस, हलके काम कर."

ती आतली खोली म्हणजे तपासणीची खोली. पांढऱ्या कापडावर धूळ बसू नये म्हणून तिच्या खिडक्या कायम बंद. वर दोन पंखे, समोरासमोर दोन टेबले, पाच माणसे. नऊ दिवसांत अकरापैकी सात माणसे तापाने पडली. त्यांत आमचे जुने मुकादम चाचा होते. वय बासष्ट, आधीचा मधुमेह. त्यांना न्यूमोनिया झाला आणि आठ दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. अल्हम्दुलिल्लाह, चाचा वाचले. पण गोदामाचा जिना त्यांना पुन्हा चढता आला नाही आणि त्यांनी काम सोडले. माल ईदनंतर पोहोचला व पार्टीने बिलातून रक्कम कापली. कोणाचा ताप कोणाला लागला, हे सिद्ध करता येणार नाही. पण ज्या पाच जणांनी त्या बंद खोलीत दिवस काढले ते पाचही पडले, आणि बाहेर ओट्यावर गाठी बांधणाऱ्या चौघांपैकी एकालाही काही झाले नाही. उरलेले दोघे आत-बाहेर ये-जा करणारे, तेही पडले. एवढा हिशेब आम्हाला समजला.

त्या कारागिराला एका आठवड्याची पूर्ण मजुरी देऊन घरी पाठवले असते, तरी ती रक्कम पार्टीने कापलेल्या रकमेपेक्षा कितीतरी कमी होती. चाचांच्या श्वासाची किंमत तर कोणत्याच वहीत लिहिता येत नाही.

रोग पसरतो कसा?

सर्दी, फ्लू, कोविड, गोवर हे सगळे विषाणूंचे आजार. आजारी माणूस खोकला-शिंकला म्हणजेच विषाणू बाहेर पडतो, असे आपण समजत होतो. प्रत्यक्षात तो बोलतो, हसतो, मोठ्याने हाक मारतो, नुसता श्वास सोडतो, तेव्हाही सूक्ष्म कण बाहेर पडत असतात. मोठे थेंब हातभर-दोन हातांवर खाली बसतात. बारीक कण मात्र हवेत तरंगत राहतात आणि खोली बंद असेल तर साठत जातात.

यासाठी विडीचे उदाहरण घ्यावे. मोकळ्या अंगणात एकाने विडी ओढली तर जवळच्यालाच थोडा वास येतो. बंद खोलीत ओढली तर दहा मिनिटांत कोपऱ्यातल्या माणसालाही धूर लागतो, आणि ओढणारा निघून गेला तरी वास मागे राहतो. श्वासातून येणारे विषाणूही याच वाटेने जातात. फरक इतकाच की ते दिसत नाहीत आणि त्यांना वास नाही. गोवराचा विषाणू तर रोगी खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी, तसेच भिवंडी आणि मालेगाव येथे गोवराची साथ आली, ती आपल्या दाट वस्त्यांमधूनच.

दुसरी गोष्ट वेळेची. फ्लू झालेला माणूस त्रास सुरू होण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस दुसऱ्याला रोग देऊ शकतो. म्हणजे ज्या दिवशी तो तापाने फणफणत कामावर येतो, तो दिवस सर्वांत धोक्याच्या दिवसांपैकी असतो. त्याच दिवशी आपण त्याला "एक गोळी घे आणि मशीनवर बस" असे सांगतो. गोळीने ताप उतरतो. श्वासातला विषाणू थांबत नाही.

या बाबतीत मोठ्या संस्थाही चुकल्या. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड हवेतून पसरत नाही असे जाहीरपणे सांगितले होते. २०२१ मध्ये तिने आपले म्हणणे बदलले. तोपर्यंत आम्ही सर्वांनी फवारणी, सॅनिटायझर आणि टेबले पुसणे यांवर पैसा ओतला आणि खिडक्या बंदच ठेवल्या. हात धुणे चांगलेच आहे, ते तर आपल्या वुजूतच आहे. पण हात धुतल्याने खोलीची हवा धुतली जात नाही.

जगाचा अनुभव

हे आम्ही अंदाजाने सांगत नाही. मार्च २०२० मध्ये दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथे एका उंच इमारतीच्या अकराव्या मजल्यावरील कॉल सेंटरमध्ये कोविड शिरला. त्या मजल्यावर २१६ कर्मचारी होते. त्यांतील ९४ जणांना लागण झाली, आणि बहुतेक सगळे मजल्याच्या एकाच बाजूला दाटीने बसून दिवसभर फोनवर बोलणारे होते. इमारतीतील इतर मजल्यांवरची माणसे त्याच लिफ्टने आणि त्याच दारातून ये-जा करीत होती. एकूण १,१४३ लोकांची तपासणी झाली आणि इतर मजल्यांवर फक्त तीन रुग्ण निघाले. लिफ्टमधल्या दोन मिनिटांपेक्षा एका हवेत काढलेले आठ तास महाग पडले, हा त्याचा अर्थ.

त्याच वर्षी जर्मनीतील एका मोठ्या मांस कारखान्याची तपासणी झाली. कामगार अंतर ठेवून उभे होते, तरीही एका माणसाची लागण आठ मीटरहून दूर असलेल्या कामगारांपर्यंत गेली. कारण असे की थंड ठेवलेल्या त्या दालनात तीच हवा पुन्हा पुन्हा फिरवली जात होती आणि ताजी हवा फारच थोडी येत होती. आपल्या काचेच्या दारांच्या शोरूममधील एसीही हेच करतो. भिंतीवरचा साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. आतलीच हवा थंड करून फिरवतो. छताचा पंखाही तसाच.

आणि हे फक्त कोविडचे नाही. १९७७ मध्ये अलास्कात एक विमान इंजिनाच्या बिघाडामुळे धावपट्टीवर काही तास अडकले. आत ५४ माणसे होती, हवा खेळवणारी यंत्रणा बंद होती आणि प्रवाशांतील एक बाई फ्लूने आजारी होती. तीन दिवसांत त्यांतील ७२ टक्के लोक आजारी पडले. हे उदाहरण वैद्यकीय पुस्तकांत आजही दिले जाते.

इंग्लंडमधील लेस्टर हे शहर कापडाच्या धंद्यातील लोकांना परके नाही. तेथे भारतीय वंशाचे हजारो लोक राहतात आणि लहान-लहान शिलाई कारखाने चालतात. २९ जून २०२० रोजी त्या देशातील पहिले स्थानिक लॉकडाऊन याच शहराला जाहीर झाले. तेथील शिलाई कारखान्यांत आजारी कारागिरांनाही कामावर बोलावले जाते, अशा तक्रारी त्या वेळी पुढे आल्या. हजेरी बुडण्याची भीती लेस्टरमध्ये आणि भिवंडीत सारखीच काम करते.

आमचे कारखाने, आमच्या खोल्या

आता आपल्याकडे पाहू. जरीकामाचा अड्डा कसा असतो? लाकडी चौकटीवर कापड ताणलेले, आणि दोन्ही बाजूंना चार-सहा कारागीर समोरासमोर, मान खाली घालून, दोन-अडीच फुटांवर. गोवंडी, धारावी, मदनपुऱ्यात असे अड्डे दहा बाय बाराच्या खोलीत लागतात आणि रात्री त्याच खोलीत तेच कारागीर झोपतात. शिलाई कारखान्यात पोटमाळ्यावर मशिनींच्या रांगा. यंत्रमाग कारखान्यात तर आणखी एक गोष्ट आहे, तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. मागांच्या खडखडाटात साधे बोलणे ऐकू येत नाही, म्हणून माणूस माणसाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडतो. ओरडताना सर्वांत जास्त कण बाहेर पडतात, आणि तेही एका वितीवरून.

भिवंडीत परगावच्या कामगारांची राहण्याची तऱ्हा सर्वांना माहीत आहे. एक पाळी कामावर, दुसरी त्याच गोधडीवर. जेवण भिशीत, एका पंगतीला. सिंगापूरमध्ये २०२० साली जेवढे कोविड रुग्ण सापडले, त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक परदेशी मजुरांच्या वसतिगृहांतले होते. श्रीमंत, स्वच्छ, कडक शिस्तीचा देश. पण एका खोलीत डझन-दीड डझन माणसे झोपवली की शिस्त काय करणार?

१९४८ च्या फॅक्टरी कायद्याने, त्यानंतर बांधलेल्या कारखान्यांसाठी, दर कामगारामागे किमान १४.२ घनमीटर, म्हणजे सुमारे ५०० घनफूट जागा ठरवली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली आहे. पण तो जुना आकडा समजण्यासाठी उपयोगी आहे. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे १,२०० घनफूट. त्या मापाने तेथे दोन माणसे बसावीत. आपण किती बसवतो, हे ज्याचे त्याने मोजावे. आमच्यापैकी अनेकांचे कारखाने लहान म्हणून कायद्याच्या बाहेर राहिले, किंवा कागदावर तुकडे करून बाहेर ठेवले गेले. कायदा लागला नाही म्हणून फुप्फुस लहान होत नाही.

रुग्णालय, यतीमखाना आणि वसतिगृह

आमचे अनेक व्यापारी बांधव रुग्णालयांच्या ट्रस्टवर आहेत, यतीमखान्यांचे आणि मदरशांच्या वसतिगृहांचे विश्वस्त किंवा देणगीदार आहेत. त्यांच्यासाठी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातील किर्कलंड गावचे उदाहरण सांगणे जरुरीचे आहे. तेथील एका शुश्रूषागृहात फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस कोविड आढळला. १८ मार्चपर्यंत त्या एका जागेशी जोडलेले १६७ रुग्ण झाले: १०१ निवासी, ५० कर्मचारी, १६ भेटीस येणारे. निवासींपैकी सुमारे एक तृतीयांश दगावले. तपासणी करणाऱ्या सरकारी डॉक्टरांनी कारणे लिहिली, त्यांतील दोन आम्हाला फार ओळखीची वाटली. कर्मचारी अंगात त्रास असतानाही कामावर येत राहिले, आणि तेच कर्मचारी एकापेक्षा अधिक शुश्रूषागृहांत काम करीत होते. पोट भरण्यासाठी दिवसा एका कारखान्यात आणि रात्री दुसऱ्यात काम करणारा आपला कारागीर यापेक्षा वेगळा आहे काय?

यावर उपाय काय, तेही पुढे अभ्यासातून दिसले. इंग्लंडमध्ये २०२० साली पाच हजारांहून अधिक वृद्धाश्रमांची पाहणी झाली. जेथे कर्मचाऱ्यांना आजारपणाचा पगार मिळत होता, तेथील वृद्धांमध्ये लागण कमी आढळली. औषध तेच, इमारती साधारण तशाच; ज्या आश्रमाने आजारी नोकराला पगार देऊन घरी बसू दिले, त्याची म्हातारी माणसे अधिक सुरक्षित राहिली. आमच्या या लेखाचा सगळा मुद्दा या एका पाहणीत आहे.

मे २०२१ ची दुसरी लाट आठवा. एका खाटेजवळ तीन-तीन नातेवाईक, बंद वॉर्ड, बाकावर आलटून पालटून झोपणे. कोणी कोणाला दोष द्यावा? पण साथ नसतानाही प्रसूतिगृहात खोकणारी आया तान्ह्या बाळाला उचलते, डायलिसिसच्या खोलीत तापाचा टेक्निशियन काम करतो, वसतिगृहात गालगुंड, गोवर किंवा फ्लू झालेले मूल इतर तीसजणांबरोबर त्याच दालनात झोपते. ट्रस्टच्या बैठकीत संगमरवरावर, दर्शनी कमानीवर आणि नावाच्या पाटीवर तासभर चर्चा होते. आजारी मुलासाठी वेगळी, खिडकीची एक खोली असावी, हा ठराव कोणी मांडत नाही. देणगीदारांनी ती खोली मागावी. पाटी नंतर लावता येते.

चांगली उदाहरणेही आपल्याकडे आहेत, ती विसरता कामा नयेत. २०२० मध्ये भिवंडीच्या शांतीनगरमधील मक्का मशिदीत ऑक्सिजनची सोय असलेले मोफत केंद्र उघडले गेले आणि तेथे सर्व धर्मांच्या रुग्णांना दार मोकळे होते. संकटात एवढे करणारा समाज, संकट नसताना दोन खिडक्या उघडू शकणार नाही काय?

आक्षेप आणि उत्तरे

हे बोलू लागलो की चार आक्षेप ऐकू येतात. पहिला यंत्रमागवाल्यांचा, आणि तो खरा आहे. हवा कोरडी झाली की ताण्याचे सूत तुटते. दालनात ओलावा राहावा म्हणून खिडक्या लावाव्या लागतात. शिवाय वाऱ्याने रुई उडते. आम्ही कापडाच्या धंद्यात आयुष्य घालवले आहे, ही अडचण आम्हाला नाकारता येणार नाही. पण ओलावा राखणे आणि हवा कोंडून ठेवणे या दोन गोष्टी आहेत. छताजवळ बाहेर फेकणारा पंखा आणि समोरच्या भिंतीत जाळीची झडप ठेवून, फरशीवर पाणी मारून ओलावा राखता येतो. आणि पाळी बदलताना, जेवणाच्या सुट्टीत, जुम्याला माग बंद असताना तर दारे-खिडक्या सताड उघडण्यास सूत आडवे येत नाही. झोपण्याच्या खोलीला तर ओलाव्याची गरजच नाही.

दुसरा आक्षेप: मजुरी देऊन घरी बसवले तर कारागीर सोंगे करतील. काही करतील. उधारीत काही पार्ट्या पैसे बुडवतात, म्हणून आपण उधारीचा धंदा बंद केला काय? मर्यादा घालावी, नोंद ठेवावी. वर्षानुवर्षे जो माणूस आपल्या किल्ल्या सांभाळतो, त्याच्या तापावर मात्र आपला विश्वास नसावा, हे बरे दिसत नाही.

तिसरा आक्षेप तकदीरचा. जे लिहिले आहे ते होणार. हजरत उमर (रजि.) शामच्या वाटेवर होते आणि पुढे ताऊनची साथ असल्याचे कळताच त्यांनी काफिला परत फिरवला. अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय, असे त्यांना विचारले गेले, तेव्हा एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडेच जात आहोत, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. आजारी उंट निरोगी उंटांत आणू नयेत, ही ताकीदही हदीसमध्ये आहे. उंटांसाठी जी काळजी सांगितली, ती कारागिरासाठी नसेल काय? मजुराचा घाम सुकण्यापूर्वी मजुरी देण्याची शिकवण आम्ही भिंतीवर लावतो; तापाचा घामही त्यात मोजावा.

चौथी गोष्ट आक्षेप नसून जखम आहे. एप्रिल २०२० मध्ये या देशात विषाणूला आमचे नाव चिकटवले गेले. भाजीवाल्यांना गल्लीतून हाकलले गेले, व्यापाऱ्यांचे माल परत आले. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीग जमातच्या परदेशी सदस्यांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवले गेल्याचे म्हटले. त्या दिवसांपासून आपल्या वस्तीत साथीचा विषय काढला की लोक गप्प होतात किंवा चिडतात. तो राग आम्हालाही आहे. पण त्या रागापोटी खिडकी बंद ठेवली तर कोंडणार आपलाच कारागीर. विषाणूला धर्म नाही, हे आपण जगाला सांगितले. तो आपल्यालाही वगळणार नाही, हे आपण स्वतःला सांगायचे राहिले आहे.

करायचे काय?

पहिले काम हवेचे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मे २०२३ मध्ये सल्ला दिला की माणसे बसतात त्या खोलीची हवा तासाला किमान पाच वेळा बदलावी. हिशेब सोपा आहे. वीस बाय पंधरा फुटांची, दहा फूट उंच खोली म्हणजे ३,००० घनफूट. पाच वेळा म्हणजे तासाला १५,००० घनफूट, अर्थात मिनिटाला २५० घनफूट. साधा बारा इंची एक्झॉस्ट पंखा हे काम सहज करतो. अट एवढीच की पंख्याच्या समोरच्या बाजूने हवा आत येण्यास वाट हवी, नाहीतर पंखा नुसता फिरतो. धुळीची भीती असेल तर त्या वाटेवर जाळी किंवा आपल्याच गोदामातले पातळ मलमल लावावे आणि दर जुम्याला धुवावे. आमच्या तपासणीच्या खोलीत आम्ही हेच केले आहे. कापड काळे पडले नाही.

दुसरे काम मजुरीचे, आणि खरे काम हेच. दहा कारागिरांचा कारखाना समजा. मालकाने दर कारागिरामागे आठवड्याला २० रुपये वेगळे काढले, तर आठवड्याचे २०० आणि वर्षाचे १०,४०० रुपये होतात. रोजची मजुरी ६०० धरली तर सतरा दिवसांची पूर्ण मजुरी त्यातून निघते. याला "आजारपण खाते" म्हणावे. नियम एकच: ताप आणि खोकला असेल तर पहिले तीन दिवस कामावर यायचे नाही आणि मजुरी बुडणार नाही. ताप उतरून पूर्ण दिवस गेल्यावर परत यावे, आणि त्यानंतरचे काही दिवस तोंडावर चांगला मास्क ठेवावा. साध्या कापडी मास्कपेक्षा एन-९५ कितीतरी चांगला. परगावचा कारागीर खोलीवरच असेल तर त्याला खिडकीजवळची जागा आणि जेवण जागेवर द्यावे.

येथे आम्हा व्यापाऱ्यांनी हात वर करून चालणार नाही. जॉबवर काम करणाऱ्या कारखानदाराकडे उरते तरी किती? दर आम्ही पाडतो, तारीख आम्ही देतो, उशीर झाला की रक्कम आम्ही कापतो. मग तो तापाच्या माणसाला मागावर उभा करतो. म्हणून व्यापाऱ्याने जॉबच्या दरावर मीटरमागे पाच पैसे या खात्यासाठी द्यावेत. दहा हजार मीटरला ते ५०० रुपये होतात. आणि आजारपणामुळे चार दिवस उशीर झाल्याचे आधी कळवले असेल, तर कपात करू नये. हे आम्ही गेल्या वर्षापासून आमच्या तीन कारखानदारांशी ठरवले आहे. त्यात आमचे दिवाळे निघालेले नाही.

तिसरे काम म्हाताऱ्यांचे आणि मधुमेही, दमेकरी माणसांचे. मुकादम, मुनीम, पहारेकरी ही जुनी माणसे बहुधा कारखान्याच्या सर्वांत आतल्या, कोंदट कोपऱ्यात बसवलेली असतात. त्यांची गादी दाराजवळ आणावी. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते. आपल्या डॉक्टरांना विचारून अशा माणसांना ती मालकाने द्यावी. दिवाळी-ईदचा बोनस देतो, त्यात ही एक सुई जड नाही.

बांधवांनो, आपल्या व्यापाराचे भांडवल सूत, माग आणि पत एवढेच समजले जाते. ज्याच्या श्वासावर माग चालतो, तो कारागीर आपल्याकडे कोणाची तरी अमानत म्हणून आलेला असतो. दरभंग्यात, आझमगडात किंवा मालेगावच्या गल्लीत त्याची आई, त्याची मुले त्याच्या पैशांची वाट पाहत असतात.

आमचे मुकादम चाचा आजही अधूनमधून गोदामावर येतात. जिना चढत नाहीत, खाली ओट्यावर बसतात. परवा वर पाहून म्हणाले, "सेठ, खिडकी उघडलीत, चांगले केले." आम्हाला उत्तर सुचले नाही. ती खिडकी एक वर्ष आधी उघडता आली असती. ज्यांची अजून बंद आहे, त्यांनी हा अंक खाली ठेवून ती आजच उघडावी. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत आणि सेहतमध्ये बरकत देवो. आमीन.